सात फूट काळी

नासीर गवंड्यानं घराच्या पायात टाकायला पहिला दगड उचलला, आणि तानुबाई चरात उतरून बसली. चांगली मांडी घालून बसली. पदरानं तोंडावरचा घाम पुसला, वर बघितलं आणि म्हणाली, "टाक आते. मन्हा डोकामा टाक."

नासीरनं दगड तसाच पोटाशी धरला. वैशाखातलं ऊन, काळा दगड तव्यासारखा तापलेला. खाली ठेवावा तर चराचा काठ ढासळणार, धरून ठेवावा तर हात भाजणार.

"अक्का, ऊठ वं," तो म्हणाला. "माले आज आखो दोन घरना पाया भराना शेत."

"मंग जाय ना तिकडे. तुले प्रेमराजनी बलायं, मी नही."

प्रेमराज तिचा एकुलता मुलगा. तो चराच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याची बायको दिपमाला पाण्याची कळशी घेऊन आली होती, ती तशीच थबकली. तिला पाचवा महिना होता.

"माय, तमाशा नको करू," प्रेमराज दातावर दात ठेवून म्हणाला. "बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं."

"देखू दे. गावले वरलं बठ्ठं दिखस. खाले काय शे ते दिखत नही." तिनं चराच्या कडेची मूठभर माती काढली आणि त्याच्या पायाशी भिरकावली. "अडीच फुटवर कोंबडीस्नं खुराडं बांध. मन्हं घर मुरूमवर बसी."

"कोठे शे मुरूम?"

"खाले शे."

"किती खाले?"

"ते खंदाशिवाय कोनले समजस?"

नासीरनं शेवटी दगड लांब नेऊन टाकला. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले. वाद घालायला त्याला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तोंडही नव्हतं. "तुमी मायलेकं ठरावा," तो म्हणाला. "मुरूम लागना का माले हाक मारजात." आणि ओळंबा, दोरी, थापी पाटीत टाकून तो पुढच्या प्लॉटवर गेला. तिथं अडीच फुटांचा चर तयार होता आणि त्यात कुणीही बसलेलं नव्हतं.

सातबोरी हे तापीकाठचं साठ-पासष्ट उंबऱ्यांचं गाव. खालच्या अंगाला धरण व्हायचं होतं. तानुबाई नवरी म्हणून आली तेव्हाही ते व्हायचंच होतं, तिला सून आली तरी व्हायचंच होतं. त्यामुळं गावाला वाटायचं, हे काही आपल्या हयातीत होत नाही. आणि मग एका हिवाळ्यात धरणाच्या भिंतीला दरवाजे बसले. नोटीस आली, की यंदाच्या पावसात पाणी अडवणार, जेठ संपायच्या आत गाव रिकामं करा. चाळीस वर्षं निवांत झोपलेलं गाव चार महिन्यांत उठवलं.

नव्या गावठाणासाठी दोन जागा दाखवल्या होत्या. एक टेकाडावरची, मुरमाड, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही. रस्त्यापासून मैलभर आत. दुसरी डांबरी रस्त्याला लागून, काळीभोर, कमरेएवढा कापूस येणारी. मारुतीच्या पारावर ग्रामसभा बसली तेव्हा निकाल आधीच लागलेला होता. उखर्डू नानाचा आवाज सगळ्यात मोठा.

"टेकाडवर जाईसन काय वांदरे पायाना शेत?" तो म्हणाला. "रोडले घर म्हंजे दुकान. दुकान म्हंजे पोरेसनं पोट. आपली हयात नदीना काठले गयी. नातवेसले तरी मोटारी दिखू द्या."

लोकांनी माना हलवल्या. उखर्डू काही वाईट बोलत नव्हता. त्याला तीन नातू होते, आणि त्यांच्याचसाठी तो बोलत होता.

तानुबाई बायकांतून उभी राहिली. "कायी माटीमा कापूस बेस येस," ती म्हणाली. "घर येत नही."

हशा पिकला. पाहणीला आलेले साहेबही हसले. "मावशी, तांत्रिक बाबी आम्ही बघू," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं, बहुमतानं रस्त्यालगतची जागा.

तानुबाईला ही अक्कल कुणी शिकवली नव्हती. तिचा नवरा चिंधा आबा विहिरी खोदणारा. पंचक्रोशीतल्या तीसेक विहिरी त्याच्या हातच्या. तो खाली खणायचा आणि ही वर यारीच्या दोराशी उभी राहून भरलेलं टोपलं ओढून रिकामं करायची. पंचवीस वर्षं जमिनीचं पोट टोपल्याटोपल्यानं तिच्या डोळ्यांसमोरून वर आलं होतं. आधी काळी, मग पिवळट, मग चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग खडक. कोणती माती ओली झाली की फुगते, कोणती सुकली की आक्रसते, कोणती दोन्ही वेळेला गप्प बसते, हे तिला स्वतःच्या लेकराच्या स्वभावासारखं ठाऊक होतं. "कायी माटी जित्ती शे," ती म्हणायची. "पानी पिनी का आंग फुगाडस, ऊन लागनं का आंग चोरस. तिना आंगवर घर ठेवशी, त ती कूस बदलाशिवाय ऱ्हास का?"

आठ वर्षांपूर्वी यारीचा दोर तुटला आणि भरलेलं टोपलं चिंधा आबाच्या कमरेवर आलं. तेव्हापासून तो खाटेवर. बोलणं तेवढं शाबूत.

नासीर दगड टाकून गेला त्या दिवशी दुपारी तानुबाई चरातून उठली ती पहार घेऊनच परत आली. नव्या प्लॉटवर चार बांबूंवर ताडपत्री टाकली होती, तिच्या सावलीत आबाची खाट.

"तू येडी झायी का वं?" आबा म्हणाला. "आपले आते किती दिवस काढाना शेत? अडीच फुटवर आपलं निभी जाई."

"आपलं निभी."

"मंग?"

"दिपमालाना पोटमा शे, त्यानं काय? त्याना पोरेसनं काय?" तिनं पहार मारली. "घर काय पावसाया पुरतं बांधतस का?"

आबानं पहारीचे दोन-तीन घाव ऐकले. मग म्हणाला, "जराखी तिरपी मार. काठ ढासयाव नही."

अशी सुरुवात झाली. सकाळी ऊन चढायच्या आत दोन तास आणि संध्याकाळी दोन तास सासू खणायची. दिपमाला चार दिवस टोपली उचलत होती, पाचव्या दिवशी तानुबाईनं तिच्या हातातलं टोपलं हिसकून घेतलं. प्रेमराज पहिले दोन दिवस रुसून गावात फिरला. तिसऱ्या दिवशी आईला कमरेइतक्या चरातून वर येता येईना, तेव्हा न बोलता कुदळ घेऊन उतरला. खणला मात्र मनापासून. विहीर खोदणाऱ्याचं पोर ते.

भोवती गाव भराभर उठत होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जुन्या गावातून दारं, चौकटी, पत्रे आणून टाकत होत्या. रोज कुठं तरी जोत्याची पूजा, रोज कुठं तरी नारळ. नासीर एकावेळी पाच घरं सांभाळत होता आणि जो तो त्याला एकच सांगत होता, "नासीरभाऊ, पानी यी ऱ्हायनं. घाई कर." तानुबाईच्या प्लॉटवर मात्र काही दिसत नव्हतं. काळ्या मातीचे ढीग, आणि अधूनमधून ढिगापलीकडून वर उडणारी आणखी माती.

येणारे-जाणारे डोकावत. "काय वं अक्का, पाताय लागनं का?" ती पुढची माती वर उडवी. चार फुटांवर काळी. पाच फुटांवर काळी. सहा फुटांवर प्रेमराजनं कुदळ फेकून दिली.

"हाई संपावच नही," तो म्हणाला. "आठे खालेपावत कायीच शे."

खाटेवरून आबा म्हणाला, "पहार मार. कुदय नको. पहार मार, माले ऐकू दे."

प्रेमराजनं पहार मारली. भस्सकन रुतली.

"आखो माटीच शे. पन ओल कमी व्हयनी. आवाज कोल्ला येस. आखो वीतभर."

वीतभर नाही, त्याच्याही खाली चार बोटं गेल्यावर, जेठाच्या चौथ्या दिवशी सकाळी, पहार खर्रकन घासली. तांबूस मुरूम उघडा पडला. तानुबाई खाली उतरली, ओंजळीत मुरूम घेतला, पाणी टाकून मुठीत दाबला, मूठ उघडली. चिकटला नाही, फुगला नाही, बोटांतून गळून पडला. "सात फूट कायी," ती एवढंच म्हणाली, आणि चौफेर चर तेवढाच खाली न्यायला आणखी नऊ दिवस लागले.

पाया भरायला दगड कमी पडले. अडीच फुटांच्या हिशेबानं जुन्या घराचे दगड पुरेसे होते, सात फुटांना ते कुठून पुरणार. जुन्या गावात लोकांनी एकमेकांची पडकी जोतीसुद्धा सोडली नव्हती. उरली होती ती आबाच्या स्वतःच्या मळ्यातली विहीर. घडीव दगडाची, आबानं बांधलेली पहिली, लग्नाच्या वर्षातली. तिचं बांधकाम बघायला माणसं यायची, दोन दगडांमध्ये सुरीचं पातं जात नसे.

तानुबाई खाटेपाशी बसली. विषय काढायला तिला अर्धा तास लागला. आबानं सगळं ऐकून घेतलं.

"पान्याखाले जाईसन ती कोनले पानी पाजी?" तो म्हणाला. "काढा."

ट्रॅक्टरवर दगड आले तेव्हा त्यानं खाट वळवून घेतली आणि पाठ करून पडून राहिला. पण नासीर दगड बसवायला लागला तसं त्यालाच राहवेना. "तो लांबट दगड कोपऱ्याले लाव," त्यानं तोंड न वळवताच सांगितलं. "तो उत्तरना अंगना शे. माले त्याना आवाज मालूम शे."

पाया जमिनीच्या वर यायला आणि धरणाचं पाणी जुन्या गावात शिरायला एकच गाठ पडली. नासीरनं शेवटचा थर बसवला त्या दिवशी मारुतीच्या पारापर्यंत पाणी आलं. साऱ्या गावाच्या डोक्यावर पत्रे होते. तानुबाईच्या घराला जमिनीवर एक हात उंचीचं दगडी रिंगण होतं, आणि त्या रिंगणात चार बांबू, ताडपत्री आणि चार माणसं.

नासीर म्हणाला, "अक्का, आते भित चढावता येवाव नही. पानी लागनं त बठ्ठा माल जाई. दिवाळीनंतर चढावूत."

पावसानं त्या वर्षी कसर काढली. ताडपत्रीला वाऱ्यानं भोकं पडली. काळी माती भिजून लोण्यासारखी झाली. पाय उचलला की चप्पल तिथंच राही. चूल पेटेना. आषाढातच दिपमालाचा नवीन नावाचा भाऊ येऊन तिला भुसावळकडं माहेरी घेऊन गेला. तो दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेक्यावर कामाला होता. ताडपत्रीखाली पाणी गळताना त्यानं बघितलं, आणि जाताना तो मेहुण्याला बाजूला घेऊन बरंच काही बोलला.

आबाचा खोकला श्रावणात छातीत उतरला. तालुक्याला नेलं, औषधं आणली. डॉक्टर म्हणाले, कोरड्या जागेत ठेवा. कोरडी जागा साऱ्या गावात होती, यांच्याकडे नव्हती. उखर्डू नाना स्वतः येऊन म्हणाला, "चिंधाले मन्हाकडे ली ये." तानुबाई हो म्हणाली होती. आबाच नको म्हणाला. का नको म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही. भादव्यात पोळ्यानंतर पाचव्या दिवशी, पाऊस जरा उघडला असताना, दुपारी तो गेला.

नव्या गावठाणातला तो पहिला मृत्यू. स्मशानाची जागा नकाशात होती, पण रस्ता झालेला नव्हता. गुडघ्याएवढ्या चिखलातून खांदेकरी घसरत, थांबत गेले. परत आल्यावर प्रेमराज आंघोळ न करताच दगडी रिंगणावर बसला.

"मन्हा बाप तुन्हा पायामा गया," तो म्हणाला.

तानुबाईनं आंघोळीच्या पाण्याची बादली त्याच्यापुढं सरकवली.

"बठ्ठास्ना घरमा कोल्लं शे. बठ्ठास्ना बाप जित्ता शेत. तुले मुरूम पाहिजे व्हता ना? भेटना तुले मुरूम."

तिला म्हणायचं होतं, मी त्याला विचारूनच खणलं. म्हणायचं होतं, तोच मला पहार तिरपी मार म्हणाला. पण बाप जाळून आलेल्या मुलाला काय सांगायचं. ती उठली आणि चूल फुंकायला लागली. लाकडं ओली होती.

तेराव्यानंतर प्रेमराज दीपनगरला गेला. नवीननं त्याला राखेच्या गाड्यांवर काम लावून दिलं. तिकडंच दिपमालाला मुलगी झाली. फोनवर प्रेमराजनं तेवढं कळवलं. "माले नात देखानी शे," तानुबाई म्हणाली. तो म्हणाला, "ये ना मंग. तठे घर बांधी ली, त देखाले ये."

तिनं घर बांधलं. दिवाळीनंतर नासीर आला, आणि ती त्याच्या हाताखाली बिगारी झाली. गारा तिनं कालवला, विटा तिनं उचलल्या, भिंतींवर पाणी तिनं मारलं. दोन खोल्या, पुढं ओटा. नासीरनं मजुरी अर्धीच घेतली. चौकट बसली, दार लागलं, पत्रे चढले. वास्तूला पाच बायका जेवल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात एकटी तानुबाई. तिन्हीसांजेला ती एका खोलीत दिवा लावायची आणि दुसऱ्या खोलीचं दार लोटून घ्यायची, कारण रिकामी खोली बघवत नसे.

फाल्गुनात जमीन सुकायला लागली आणि गावाला पहिल्यांदा कळलं की आपण कुणाच्या अंगावर घरं बांधलीत. रानातल्या काळ्या मातीला दर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण तशी भेग घरातून, देव्हाऱ्याखालून, चुलीला वळसा घालून मागच्या भिंतीत चढते, हे कुणी बघितलेलं नव्हतं. कुणाचं दार लागेना, कुणाचं उघडेना. नासीर सिमेंटची पाटी घेऊन घरोघर भेगा बुजत फिरू लागला. पावसाळ्यात जमीन फुगली, बुजलेलं सिमेंट पापडासारखं निघून आलं, आणि शेजारी नवी भेग गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतींची पोटं सुटली. गावानं अर्ज दिले. साहेब बदलले होते. नवे साहेब म्हणाले, "जागा ग्रामसभेनं बहुमतानं निवडलेली आहे, असं इथं लिहिलंय."

मग लोक नासीरवर आले. माणूस कुणावर तरी येणारच. "तू गवंडी शे, तुले समजाले पाहिजे व्हतं," म्हणाले. त्याच्या तोंडावर म्हणाले, मागं तर काहीही म्हणाले.

एक दिवस तो तानुबाईच्या ओट्यावर येऊन बसला. पाणी दिलं तर प्यायला नाही.

"अक्का, माले मालूम व्हतं," तो म्हणाला. "मन्हा बाप गवंडी, आजा गवंडी. कायी माटी काय करस ते माले मालूम नही का? पन बठ्ठा म्हने, घाई कर. एकबी घर बिगर पत्रानं ऱ्हायनं असतं त लोके म्हनतात, नासीरनी आमले पान्यामा ठेवं. मी बी म्हनं, दहा-पंधरा साल त निघतीन. पुढलं पुढे."

"तुन्हं घर?"

"मन्हं बी अडीचच." तो हसला, पण ते हसणं बघवेना. "बठ्ठासनं करता करता मन्हं शेवटले ऱ्हायनं. येळच नही भेटना."

तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढ अर्धा झाला असताना, नासीरच्याच घराची मागची भिंत गेली. सकाळी नऊची वेळ. त्याची बायको रईसा अंगणात होती. मुलगा कामाला बाहेरगावी, सून तबस्सुम अठरा दिवसांची बाळंतीण. ती पोराला घेऊन पुढच्या खोलीत आलेली होती म्हणून वाचली. आवाज ऐकून गाव धावलं. विटांच्या ढिगाखाली पाळणा होता. पोर तबस्सुमच्या छातीशी होतं आणि ती बाई ढिगाकडं बघत उभी होती, तिला कुणी हलवलं तरी हलेना.

तानुबाईनं तिच्या दंडाला धरलं. "चाल," म्हणाली. घरी नेऊन तिनं लोटलेल्या खोलीचं दार उघडलं, खाट टाकली, शेगडी पेटवली. रईसा मागून बोचकं घेऊन आली आणि उंबऱ्याशी अडखळली. "अक्का, तुमनं देवघर शे आठे..." "देव काय पोरले हाकली दी का?" तानुबाई म्हणाली. "मझार ये."

हे झालं आणि आठवड्याभरात प्रेमराज आला. जवळजवळ दोन वर्षांत पहिल्यांदा. दुपारच्या बसनं, कडेवर मुलगी. घर झाल्यावरही तिकडून बोलावणं आलं नव्हतं, तानुबाईनं नातीला फोटोतच पाहिलं होतं, आता हात पुढं केले तर पोर बापाच्या गळ्यात तोंड खुपसून बसली.

प्रेमराज घरात आला. परकी बाळंतीण, परकं बोचकं बघून थबकला. मग भिंतीवरून हात फिरवत दोन्ही खोल्या फिरला. कोपरे बघितले, चौकटीच्या वरची जागा बघितली. केसाएवढीही भेग नव्हती. बाहेर येऊन ओट्यावर बसला.

"घर इकी टाकूत," तो म्हणाला.

"काय?"

"उखर्डू नानाना फोन येल व्हता. तो ली ऱ्हायना. त्यानं घर आते ऱ्हावाजोगतं नही. तुन्ही सही लागी. तू मन्हासंगे चाल दीपनगरले. पोरले आजी ऱ्हाई."

तानुबाई नातीकडं बघत होती. पोर आता ओट्यावर उतरून रईसाच्या कोंबडीमागं चाललं होतं, पडत, उठत. चाल अगदी चिंधा आबासारखी, बाहेरच्या बाजूला पाय टाकणारी.

"इकानं नही," ती म्हणाली.

"माय, मी आठे येवाव नही. हाई पोर आठे ऱ्हावाव नही. आठे ना काम, ना शाळा. मंग तू कोनासाठे बांधं हाई?"

तो चिडून विचारत नव्हता. चिडला असता तर तिनं काही उत्तर दिलं असतं. तो खरंच विचारत होता, आणि तिनं खरंच शोधलं, आणि तिला सापडलं नाही. ज्याच्यासाठी खणलं तो इथं बसून विक म्हणत होता. ज्यानं दगड दिले तो गेला होता. आतल्या खोलीत रडणारं पोर तिचं कुणी नव्हतं.

"भाकर टाकस," ती म्हणाली. "पोर भुकी व्हई."

संध्याकाळच्या बसला ती दोघांना पोचवायला गेली. नातीच्या मुठीत तिनं गुळाचा खडा दिला. बस हलली तेव्हा पोर खड्याकडं बघत होतं, तिच्याकडं नाही. प्रेमराजनं खिडकीतून हात वर केला. तानुबाई रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दोन मोटारी, एक ट्रक, केळीच्या घडांनी भरलेली एक गाडी गेली. उखर्डूच्या नातवांना दिसाव्यात म्हणून ज्या मोटारींसाठी गाव इथं आलं, त्या एकीनंही वेग कमी केला नाही.

पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी पहाटे उखर्डू नानाच्या घराची दुकानाकडची भिंत बाहेरच्या अंगाला बसली आणि पत्रे तिच्यावर आले. माणसं निघाली, माल गेला. उजाडल्यावर तानुबाई ओटा झाडत होती, तर समोर चिखलात उखर्डू उभा. डोक्यावर पोतं, काखेत अंथरुणाची वळकटी. मागं सून, तीन नातू, त्यातला धाकटा थंडीनं कुडकुडत होता. ग्रामसभेत ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, तो आता वळकटी या काखेतून त्या काखेत घेत होता. ज्या घराचा सौदा त्यानं हिच्या पाठीमागं केला, त्याच घरासमोर तो उभा होता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं नि तिलाही.

तानुबाईनं केरसुणी टेकवून ठेवली. त्याच्याकडं बघितलं, मग पोरांच्या पायांकडं. घोट्यापर्यंत काळी माती.

"पाय धोईसन या," ती म्हणाली. "मझार बाळंतीण शे."

दोन खोल्यांत नासीरची चार माणसं आणि उखर्डूची पाच. दुपारपर्यंत भांडीकुंडी, बोचकी, पोरं सगळी आत बसली. एवढं झाल्यावर तिची खाट कुठंच बसेना. तबस्सुम म्हणाली, "अक्का, तुमी कोठे निजशात?" तानुबाईनं खाट उचलून ओट्यावर आणली, ओलीच्या बाजूला पोतं बांधलं आणि गोधडी टाकली. आत पोरं भांडत होती. पागोळ्यांचे शिंतोडे पायांवर येत होते, म्हणून तिनं खाट हातभर भिंतीकडं सरकवली. आणखी सरकायला जागा नव्हती.